दाव्याला बांधलेली जलपर्णी

इंग्रजीतला एकही शब्द आपल्या आज्ञेबाहेर नाही, अशी ओगुटू मास्तरांची खात्री होती. तीस वर्षं कोगुता गावच्या शाळेत त्यांनी पोरांना विशेषणं घोटवली होती. निवृत्त झाल्यावर सरोवराकाठच्या मच्छीमार समितीचं चिटणीसपद त्यांनी घेतलं, तेही पत्रं लिहायला मिळतात म्हणून.

तर धक्क्यावर जलपर्णी आली होती. फार नव्हे, चार होड्या अडकतील एवढी. समितीचा अध्यक्ष ओलिएच साधा कोळी माणूस. त्याने वर्षापूर्वीच सरकारी मासेमारी कचेरीला लिहिलं होतं, की थोडी जलपर्णी येते, ती ओढायला दोन दाताळी द्यावीत. उत्तर आलं नव्हतं.

"'थोडी' म्हटल्यावर कोण उठतो?" मास्तर म्हणाले. "ताप थोडा आहे म्हटलं तर सख्खी आईसुद्धा बघायला येत नाही. पत्र मी लिहितो."

घरी येऊन त्यांनी समानार्थी शब्दांचा जाडजूड कोश उघडला. भरमसाट वाढीला इंग्रजीत शब्दांचा तोटा नाही. एक शब्द बागेच्या कौतुकाचा निघाला, एक नुसताच दाट, एक पचपचीत. शेवटी 'रॅम्पंट' सापडला आणि मास्तरांचा चेहरा उजळला. मोकाट सुटलेलं, कुणाच्या बापाला न जुमानणारं! शिवाय चांगल्या गोष्टीला हा शब्द कुणी लावत नाही. रोगराईला लावतात, चोऱ्यांना लावतात, लाचलुचपतीला तर वर्तमानपत्रवाले रोज लावतात. हे सगळं त्यांनी बायकोला, रिस्परला, सविस्तर समजावलं. ती अंगणात जाळ्यावर ओमेनाचे चिमुकले मासे वाळत घालत होती.

"मग चार होड्यांपुरत्या पाल्याला तो कशाला लावताय?" ती म्हणाली.

मास्तरांनी हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा ठरवला आणि पत्र टाकलं.

नवव्या दिवशी उत्तर आलं. नवव्या! ओलिएचने ते धावत आणलं आणि मास्तरांनी जमलेल्या मंडळींपुढे खड्या आवाजात वाचायला घेतलं. जलपर्णी 'रॅम्पंट' असल्याचं कळून कचेरीला चिंता वाटली होती. पाहणीसाठी किरुईसाहेब गुरुवारी येणार होते. इथपर्यंत आवाज खडा होता. पुढच्या ओळीला तो बसला. माहिती खोटी आढळल्यास समितीची नोंदणी रद्द होणार होती आणि धक्का बंद.

सगळ्यांनी सरोवराकडे पाहिलं. चार दिवसांपूर्वी वारा फिरला होता आणि असलेली जलपर्णीही घेऊन गेला होता. पाणी घासलेल्या ताटासारखं लख्ख.

धक्का बंद म्हणजे चाळीस होड्या बंद, चाळीस चुली बंद. रिस्परने ताजी तिलापिया मासळी आणि मक्याच्या पिठाची घट्ट उगाली पुढे ठेवली, पण मास्तरांनी ताटाला हात लावला नाही. रस्त्याने कुणी नुसतं खाकरलं तरी त्यांना पोलीस आल्यासारखं वाटे.

शेवटी ओलिएचनेच तोड काढली. शेजारच्या कामोलो गावाला जलपर्णीने वेढलं होतं. बुधवारी आपल्या लोकांनी सहा होड्या तिकडे नेल्या. आम्हाला थोडी जलपर्णी द्या, अशी मागणी कामोलोवाल्यांनी जन्मात ऐकली नव्हती. त्यांनी दोन्ही हातांनी दिली, आणि वेडे समजून भाजलेली मक्याची कणसंही दिली. संध्याकाळपर्यंत धक्क्यापुढे लग्नाच्या मांडवाएवढा हिरवा तुकडा तयार झाला. वाऱ्याने पुन्हा पळू नये म्हणून तो दोरांनी खुंट्यांना बांधून टाकला.

गुरुवारी किरुईसाहेब आले. डोंगराकडचा उंचापुरा माणूस, पाण्यापासून दहा हात लांबच उभा राहिलेला. त्यांनी तुकड्याकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं, दोरावरून नजर खुंटीपर्यंत नेली.

"मास्तर, रॅम्पंट म्हणजे मोकाट ना?"

"हो साहेब."

"मोकाट गोष्ट दाव्याला बांधलेली मी पहिल्यांदाच बघतोय."

मास्तर दोरापुढे आडवे उभे राहिले. "गावात शिरू नये म्हणून..." एवढंच कसंबसं निघालं.

साहेबांनी वही उघडली आणि आत्ताच निकाल लिहितो म्हणाले. आता धक्का गेलाच! मास्तरांनी त्यांचा हातच धरला. खरी जलपर्णी आत, सरोवरात आहे साहेब, एकदा बघा आणि मग लिहा, अशी त्यांनी गयावया केली. पोहता येत नसूनही साहेब रागाच्या भरात ओलिएचच्या होडीत बसले.

आत अर्धा तास पाणीच पाणी. साहेबांच्या कपाळावरची आठी वाढत गेली आणि मास्तर मनातल्या मनात प्रार्थना म्हणू लागले. मग दुपारचा वारा सुटला. क्षितिजावर एक हिरवी रेघ दिसली. रेघेचा पट्टा झाला, पट्ट्याचं रान झालं, आणि बघता बघता ते चारी बाजूंनी होडीला येऊन भिडलं. ओलिएचने इंजिनाची दोरी ओढली, तर पंख्यात मुळ्या गुंतून इंजिन खोकलं आणि मेलं. जिकडे पाहावं तिकडे पानं आणि जांभळी फुलं. पाण्याचा थेंब दिसेना. एक काळा साप पानांवरून सरपटत होडीपर्यंत आला, विचार करून परत गेला. पलीकडे कुठेतरी पाणघोडा फुरफुरला. साहेबांनी पाय वर घेतले आणि मास्तरांच्या दंडाला मिठी मारली.

"पाणघोडा होडी उलटवतो का हो?"

"थोडी उलटवतो," मास्तर म्हणाले. त्यांचेही दात वाजत होते.

चार तास तसेच गेले. कोयत्याने वाट कापत कामोलोवाले आले तेव्हा कुठे सुटकेची आशा दिसली. साहेबांनी वही काढली.

"मास्तर, रॅम्पंट कमी पडतोय. त्याच्यावरचा शब्द सांगा."

तीस वर्षांत असा प्रश्न मास्तरांना कुणी विचारला नव्हता. जिभेवर सात शब्द आले. त्यांनी सातही गिळले.

"साहेब, नुसतं 'आहे' लिहा."

साहेबांनी तेवढंच लिहिलं. नोंदणी टिकली, धक्का राहिला. दोन महिन्यांनी कचेरीतून एक लांबट पुडकं आलं. आत दोन दाताळी होती, आणि एकाला दांडा नव्हता. सोबतच्या कागदावर ओलिएचच्या वर्षापूर्वीच्या पत्राचा क्रमांक होता.

दांडा असलेल्या दाताळ्याने रिस्पर आता ओमेना पसरते. बरं आहे का, असं मास्तरांनी विचारलं, तर म्हणाली, "थोडं."