रिकामा शंख समितीजमा

एका जंगलात, मुलांनो, समुद्र होता. म्हणजे खरं तर जंगल संपायचं आणि मग समुद्र सुरू व्हायचा. पण जंगलातले प्राणी म्हणायचे, "आमच्या जंगलात समुद्र आहे." समुद्राने कधी हरकत घेतली नाही.

भरती उतरली की वाळूवर एक लांबलचक, वेडीवाकडी रेघ उरायची. शेवाळ, काटक्या, करवंट्या, समुद्रफेन, शिंपले, दोऱ्यांची भेंडोळी, बाटल्यांची टोपणं, सगळं त्या रेघेवर. चप्पलही यायची, पण नेहमी एकच. माणसाला दोन पाय असतात हे समुद्राला कुणी सांगितलं नसावं.

या रेघेवर बाबल नावाचा खेकडा रोज फिरायचा. हवा खायला नव्हे, घर शोधायला. बाबलची जात वाळूवरची. ही मंडळी रिकाम्या शंखात राहतात. पुढून अंग कडक, मागून लोण्यासारखं मऊ, म्हणून मागची बाजू कायम शंखात खुपसलेली. आता खेकडा वाढतो आणि शंख काही वाढत नाही. बाबलला त्याचा शंख इतका तंग झाला होता, की संकट आलं तरी मोठी नांगी आत जायची नाही. आणि वर आभाळात एक घार होती. बाहेर राहिलेल्या नांग्या तिला मनापासून आवडायच्या.

तेव्हा मोठा शंख मिळाला तर बाबल जगणार होता, नाही तर नाही. इतकी साधी गोष्ट. पण साध्या गोष्टीत समिती आली की काय होतं ते ऐका.

जंगलाच्या राजाला एके दिवशी वाटलं की आपण समुद्रासाठी काहीतरी करावं. त्याने समुद्र पाहिला नव्हता, त्यामुळे त्याचं प्रेम शुद्ध होतं. त्याने किनारा संवर्धन समिती नेमली. अध्यक्ष रानगवा. चिटणीस साळिंदरबाई. रेघेवर सापडलेली वस्तू त्या पाठीच्या काट्यांत खोचून ठेवत, त्यामुळे टोपली लागत नसे आणि दुरून पाहिलं तर पुष्कळ काम झालेलं दिसे.

समितीने नियम केला. रेघेवर जीव सापडला तर त्याला हात लावायचा नाही. वस्तू सापडली तर ती टेकडीवरच्या 'सागरदालना'त ठेवायची, म्हणजे जंगलाच्या पुढच्या पिढ्यांना समुद्र समजेल. आणि वस्तूत जीव असेल तर? तर तो जीवच समजायचा.

नियम चांगला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबलनेही एका नांगीने वाजवल्या. त्याला वाटलं, आता आपल्याला राजाश्रय मिळाला.

पुढे एका सकाळी भरतीने एक भला थोरला शंख रेघेवर आणून टाकला. गुळगुळीत, जाड, आतून गुलाबी. बाबल धावत गेला, आत डोकावला आणि हिरमुसला. शंख त्याच्या तिप्पट होता.

पण तो तिथून हलला नाही. कारण त्याच्या जातीत एक रीत होती. मोठा शंख आला की सगळे खेकडे जमायचे आणि लहानमोठे मापाने रांगेत उभे राहायचे. सगळ्यांत मोठ्याने नव्या शंखात शिरायचं, त्याच्या शंखात दुसऱ्याने, दुसऱ्याच्या शंखात तिसऱ्याने. एक शंख आला की अख्ख्या गावाला नवं घर मिळायचं. माणसांत अशी रीत नाही, कारण माणसांत पहिला नव्या घरात गेला की जुनं भाड्याने देतो.

तासाभरात रांग लागली. पुढे तात्या, सगळ्यांत म्हातारा. त्याच्यामागे शेवंताकाकी. तिच्यामागे बाबल. मागे चिल्लीपिल्ली. बाबल सारखा शेवंताकाकीच्या शंखाकडे बघत होता. तांबूस पट्ट्यांचा, ऐसपैस.

"मेल्या, इतको बघू नको, दृष्ट लागात माज्या घराक," शेवंताकाकी म्हणाली.

"काकी, आता ता माजा घर," बाबल म्हणाला, आणि लाजला.

तात्याने नांगी वर केली. "आयका. मी हाक मारलंय की सगळ्यांनी भायर, आणि भायर की लगेच आत. मदी श्वास घेवचो नाय. वर घार आसा."

समिती बाजूला उभी राहून हे कौतुकाने बघत होती. गव्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं, हे सगळे समितीच्या स्वागतासाठी रांगेत उभे आहेत.

तात्याने हाक मारली. सगळे खेकडे एकदम बाहेर आले.

"रिकामे!" साळिंदरबाई ओरडल्या.

त्यांनी रांगेवर पाठ टेकवली आणि उठल्या तेव्हा रांगेतला एकेक शंख त्यांच्या काट्यांवर होता. तात्यासाठी आलेला मोठा शंख गव्याने स्वतः तोंडात धरला.

वाळूवर खेकडे उघडेनागडे उभे राहिले. मुलांनो, हसू नका. मऊ बाजू उन्हात उघडी पडली की कसं वाटतं हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि देव करो ते कधी ठाऊक न होवो.

"अवो बाई, ती घरा आमची!" बाबल किंचाळला. "आमी आत जावक भायर इलंव!"

"पण आत नव्हता ना?" साळिंदरबाई समजुतीने म्हणाल्या.

"एक श्वासभर!"

"नियमात श्वासाचा उल्लेख नाही."

एवढ्यात घारीने झेप घेतली आणि तात्याला उचलून नेलं. तात्याने ओरडायचं सोडून खाली बघत हाक मारली, "शेवाळात घुसा रे!" सगळे शेवाळात घुसले. बाबल तिथे पडून राहिला आणि तात्यासाठी रडला.

समिती काही दगडाची नव्हती. तिने दोन मिनिटं उभं राहून तात्याला श्रद्धांजली वाहिली. मग निराधार खेकड्यांसाठी घरकुल योजना जाहीर केली. प्रत्येकाला बाटलीचं एकेक टोपण.

बाबलच्या वाट्याला निळं टोपण आलं. त्याने ते घालून पाहिलं.

"साहेबानू, ह्या टोपाण माज्या अर्ध्या ढुंगणाक पुरत नाय."

"उरलेल्या अर्ध्याचा विचार पुढच्या बैठकीत होईल," गवा म्हणाला. "रंग आवडला का?"

बाबल टोपण सावरत टेकडी चढला. वाटेत दोनदा ते घरंगळलं आणि दोनदा तो मागे धावला. तो सागरदालनाशी पोहोचला तेव्हा दुपार होती आणि समिती जेवून वामकुक्षी करत होती. दाराखाली फट होती. आत फळीवर सगळे शंख मापाने रांगेत मांडले होते, खेकडे उभे राहिले होते अगदी त्याच क्रमाने. शेजारी पाटी होती : 'हात लावू नये.'

बाबलने हात लावला नाही. त्याने टोपण सोडलं आणि तांबूस पट्ट्यांच्या शंखात अख्खा शिरला. मोठी नांगीसुद्धा आत गेली. बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा त्याने पाय पसरले. त्याला इतकं बरं वाटलं की तो तिथेच झोपला.

जाग आली तेव्हा समोर समिती होती.

"बाहेर या," साळिंदरबाई म्हणाल्या. "ती वस्तू आहे."

"वस्तूत जीव आसा," बाबल आतून म्हणाला. "म्हणजे हात लावूचो नाय. तुमचोच नियम."

समितीने नियम पुन्हा वाचला. नियम खरंच तसा होता. बाबल फळीवरून उतरला, दाराबाहेर पडला आणि टेकडी उतरू लागला. कुणी त्याला हात लावला नाही. समिती नियम मोडणारी नव्हती. ती फक्त त्याच्या मागोमाग चालू लागली. दुसऱ्या दिवशी दाराखालची फट बुजवण्यात आली, त्यामुळे शेवंताकाकी आणि बाकीचे टोपणांतच राहिले. त्यांतले पुष्कळ पुढे घारीकडे गेले.

बाबलवर पहारा बसला. दिवसा गवा, रात्री साळिंदरबाई, कारण साळिंदराला रात्री झोप नसते. दोघं प्रेमाने वागायची. त्याच्यासाठी पडलेली फळं आणून ठेवायची. सावलीही धरायची. नजर मात्र शंखाच्या तोंडावर.

आणि खेकडा वाढायचा थांबत नाही, मुलांनो. वर्ष गेलं. तांबूस शंखही तंग झाला. मोठी नांगी पुन्हा बाहेर राहू लागली.

एके संध्याकाळी रेघेवर त्याच्या नेमक्या मापाचा शंख आला. बाबलने धावत जाऊन त्याची कड नांगीने धरली. शंखाच्या पलीकडच्या बाजूला साळिंदरबाई येऊन बसल्या.

"चांगला आहे," त्या म्हणाल्या. "जा ना आत. सावकाश होऊ द्या."

बाबलने नव्या शंखाकडे पाहिलं, साळिंदरबाईंच्या काट्यांकडे पाहिलं. दोन घरांच्या मध्ये फक्त एक श्वास होता. तो बराच वेळ कड धरून राहिला. मग त्याने कड सोडली.

"मी भायर येवचंय नाय," तो म्हणाला.

साळिंदरबाईंनी तो शंख काट्यात खोचला. सकाळी गव्याने नेहमीप्रमाणे पिकलेली फळं आणून ठेवली. बाबलने ती बाजूला सारली. त्या दिवसापासून, आपण आणखी वाढू नये म्हणून, त्याने जेवण निम्मं केलं.

समितीने राजाला कळवलं की किनाऱ्यावरच्या खेकड्यांनी घरं बदलण्याची वाईट सवय सोडली आहे आणि त्यांची प्रकृती सडपातळ आहे. राजाला फार आनंद झाला. त्याने समितीची मुदत वाढवली.

तात्पर्य : घार आणि हितचिंतक या दोघांतून एकाची निवड करायची वेळ आली, तर शहाण्याने घार निवडावी. तिचं पोट कधीतरी भरतं.