साळवेमामा आणि खिशातला फ्यूज

माझ्या बहिणीला पाहायला पाहुणे आले, त्या दुपारी आमच्या घराचा फ्यूज काष्टीच्या बाजारात शेळ्या बघत फिरत होता.

म्हणजे शेळ्या बघत होते साळवेमामा. फ्यूज त्यांच्या शर्टाच्या खिशात होता.

मामा केडगावात आमच्या गल्लीत राहायचे. एका कारखान्यात तीस वर्षं वायरमन, आणि गल्लीतल्या प्रत्येक बिघडलेल्या खटक्याचे माहेरचे माणूस. स्विच हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. खटका. तो बदलायला आले की दारातच चहा विचारला जाई आणि दारातच उत्तर मिळे, "आधी मेन, मग च्या." मेन बंद करून ते फ्यूजची चिनीमातीची ग्रिप उपटत आणि खिशात टाकत.

"मेन कोनीबी चालू करंल," ते म्हणत, "माज्या खिशात कोन हात घालनार हाय?"

त्या दिवशी आमच्या मधल्या खोलीचा खटका चरचरत होता. मामांनी जुना काढला, नवा बसवला, पट्टीचे स्क्रू आवळले; आणि तेवढ्यात काष्टीला निघालेला टेम्पो दारात हॉर्न वाजवू लागला. मामा धावत जाऊन बसले. फ्यूजही बसला.

मे महिना. मधल्या खोलीला खिडकी नाही. वडील पाहुण्यांना वर्तमानपत्रानं वारा घालतायत, आई सुपानं घालतेय. दुसरी ग्रिप आणावी तर वडिलांची छाती होईना. मामांच्या माघारी बोर्डाला हात लावणं म्हणजे त्यांच्या ताटातलं उचलून खाणं. बहीण पोह्यांच्या बशा घेऊन आली ती कुणाला दिसलीच नाही, बांगड्या तेवढ्या ऐकू आल्या. लग्न जमलं. आमचे दाजी अजून सांगतात, "मी मुलगी बघून नाही, ऐकून पसंत केली."

संध्याकाळी मामा उगवले. एका हातात शेळीचं दावं, दुसऱ्या हातात आमचा फ्यूज. चेहऱ्यावर अपराधाचा मागमूस नाही. "दिवसभरात कुनाला शॉक बसला का? न्हाई ना? मग झालं तर!"

अशा माणसाशी भांडायचं कसं?

त्यांचं काम बघणं हा गल्लीचा करमणुकीचा कार्यक्रम असे. मेन बंद करण्याआधी टेस्टर चालू प्लगमध्ये घालून बघायचे, पेटतो ना. मग मेन बंद करून खटक्याच्या तारांना लावायचा. आणि तारांना हात घालण्याआधी शेजारच्या घरी जाऊन तिथल्या चालू प्लगमध्ये पुन्हा. मी विचारलं, "मामा, दोनदा कशाला?"

"मास्तर, मधीच टेस्टर मेला आसंल तर? मेलेल्याची साक्ष धरायची का?"

मी शाळेत इतिहास शिकवतो. साधनांची विश्वसनीयता या विषयावर याहून चांगलं व्याख्यान मी ऐकलेलं नाही.

एकदा लोंढेवहिनींकडून निरोप आला. वहिनींच्या सासूबाई वारून महिना झाला होता आणि त्यांच्या खोलीतला एलईडी बल्ब बंद केला तरी मिणमिण जळत राहायचा. वहिनींनी बल्बसमोर दहीभात ठेवला होता. वर माफीही मागून झाली होती, कशाबद्दल ते शेवटपर्यंत कळलं नाही. मामा स्टुलावर चढले, टेस्टर लावला, उतरले.

"वैनी, सासूबाई न्हाईत. न्यूट्रल हाय."

"म्हंजे काय हो मामा?"

"आधीच्या येड्यानं खटका फेजला घालायचा त्यो न्यूट्रलला घातलाय. खटका बंद, तरी होल्डरात करंट जिता. बल्ब बदलाया गेला आसता, तर सासूबाईंची भेट झाली आसती. करंटला नातं नसतं, वैनी." तारा बदलून झाल्यावर दहीभात त्यांनीच खाल्ला.

या मामांची एकच गोष्ट गल्लीला पटत नसे. मुलगा प्रवीण पुण्यात नोकरीला. सुमनमामींना काचबिंदू; नजर दर वर्षी थोडी थोडी जात चाललेली, आणि गेलेली परत येणार नाही असं डॉक्टरांनी सांगून टाकलेलं. आईबापांना न्यायला प्रवीण दर दिवाळीला गाडी घेऊन येई आणि रिकामी घेऊन जाई. मामांची कारणं ऐकण्यासारखी असत. एका वर्षी पुण्याची अर्थिंग बरी नव्हती. एका वर्षी लिफ्टचा वायरमन त्यांना तोंडावरूनच लबाड वाटला.

पुढं फ्यूज गेले आणि घरोघर एमसीबी आले. ते खिशात घालता येईनात. मामा आठवडाभर बेचैन होते. मग त्यांनी युक्ती काढली. बोर्डापाशी माणूस उभा करायचा. तो माणूस म्हणजे मी. हात पाठीमागं बांधून, एमसीबीकडं तोंड करून उभं राहायचं, कुणी आलं तरी हलायचं नाही. पन्नाशीचा, बीएड झालेला मी वर्गातल्या पोरासारखा कोपऱ्यात उभा असे आणि माझेच विद्यार्थी खिडकीतून बघून जात.

गेल्या दिवाळीच्या आधी प्रवीणनं मला गाठलं. "दादा, तुमचं ऐकतात ते. आईला उद्या काहीच दिसेनासं झालं तर? पप्पा पंच्याहत्तरीचे. दोघंच इथं."

मी जाऊन मामांना चांगलं सुनावलं. अर्थिंगबिर्थिंग सोडा म्हटलं, मामींचा विचार करा. मामा भांडले नाहीत. नुसतं म्हणाले, "बसा जरा. बोलू नका."

मामी शेजारून हळदीकुंकवाहून आल्या. उंबरा ओलांडला, डावा हात भिंतीला गेला, टक्, दिवा. दोन पावलं, टक्, पंखा. स्वयंपाकघरात टक्. चाचपणं नाही, ठेच नाही. आतून हाक आली, "मास्तर आल्यात का? त्यांच्या चपला दारात हाईत, पायाला लागल्या. च्या ठिवते."

मामा खाली बघत म्हणाले, "ह्या घरात ती आंधळी न्हाई, मास्तर. तिथं नेली की व्हईल."

चहा घेऊन मी घरी आलो.

चार दिवसांनी सकाळी मामा दारात. खांद्याला हत्यारांची पिशवी, हातात टेप आणि शाळेची वही. वहीत त्यांच्या घरातल्या प्रत्येक बोर्डाची उंची, चौकटीपासूनचं अंतर आणि डावीकडून उजवीकडं खटक्यांचा क्रम. मामींना भिंतीशी उभं करून, हात लांब करायला लावून घेतलेली मापं. "चला. पुन्याला मेनपाशी मानूस लागंल."

प्रवीणच्या फ्लॅटमध्ये मी दोन दिवस एमसीबीसमोर हात बांधून उभा होतो. मामा छिन्नीनं भिंतीत खाचा पाडत होते. सोसायटीचा माणूस येऊन गेला, खालच्या मजल्यावरची बाई येऊन गेली. दोघांनाही मामांनी ठोकाठोकी थांबवून टेस्टरची माहिती सांगितली. दोघंही परत आली नाहीत.

"पप्पा," प्रवीण रडकुंडीला आला, "ही भिंत परवाच रंगवलीय हो!"

"रंग डोळ्यांनी बघायचा आस्तो. तिला काय करायचाय?"

सून, अर्चना, तेवढं ऐकून आत गेली आणि झाडू घेऊन आली. मग ती मातीच भरत राहिली. नवे गुळगुळीत स्विच मामांनी काढून कागदात बांधले आणि नगरहून आणलेले साधे, पांढरे, जुन्या घाटाचे खटके बसवले. त्या शोभिवंत हॉलमध्ये ते एखाद्या लग्नात धोतर नेसून आलेल्या चुलत्यासारखे दिसत होते. अर्चनानं विचारलं, "मामंजी, नवेच राहिले असते तर?"

"त्यांना आवाज न्हाई, पोरी. दाबला का न्हाई, तिला कळायचं कसं?"

तिसऱ्या दिवशी प्रवीण मामींना घेऊन आला. मामींनी पदर सावरला, उंबऱ्याशी थबकल्या. डावा हात भिंतीला गेला.

टक्.

दिवा लागला. मामी हसल्या नाहीत की आश्चर्य दाखवलं नाही. दोन पावलं पुढं. टक्, पंखा. "आगं बया, हितंबी आपल्यासारखंच हाय की!"

"सगळीकडं तसंच आस्तंय," मामा स्टुलावर बसल्या बसल्या म्हणाले. विजेच्या बाबतीत हा माणूस खोटं बोललेला मी पहिल्यांदाच ऐकला.

मामी स्वयंपाकघरात गेल्या. टक्. डबे वाजले. अर्चनाशी काही बोलल्या. मग पावलं आतल्या बोळाकडं वळली. अर्चनानं ताटं घेतली होती, प्रवीण हाका मारत होता. मी म्हटलं, "मामा, चला, जेवून घेऊ."

मामांनी हातानंच मला गप्प केलं. त्यांचा उजवा कान बोळाकडं होता.

"थांबा," ते हळूच म्हणाले, "मोरीचा ऱ्हायलाय. त्यो यक बोट वर बसलाय, भितीत बीम आडवा आला."

आम्ही दोघं थांबलो. बोळात पावलं थांबली. बांगड्या भिंतीला घासल्या, पुन्हा घासल्या. मामांनी डोळे मिटून घेतले होते.

टक्.

"चला," मामा म्हणाले, "भूक लागली."