संस्थापक परक्या मयताला

क्रूट्सबर्गच्या संस्थापकाची शनिवारी सकाळी कंबर धरली आणि डेल्बर्ट हँकेचं नशीब उघडलं.

तसे संस्थापक थॅडियस क्रूट जाऊन दीडशे वर्षं झाली होती. कंबर धरली ती लेलँडची. दर सप्टेंबरात स्मशानफेरीच्या दिवशी लेलँडच क्रूट व्हायचा. त्या दिवशी गावातली माणसं जुन्या काळचे कपडे घालून जुन्या थडग्यांशी उभी राहतात आणि तिकीट काढून आलेल्यांना त्या त्या मेलेल्याची कहाणी 'मी' म्हणून सांगतात. डेल्बर्टच्या वाट्याला वर्षानुवर्षं एकच माणूस यायचा : 'नदीत सापडलेला अनोळखी लाकूडतोड्या'. त्याच्याविषयी कोणालाच काही ठाऊक नसल्यामुळे डेल्बर्टला बोलायला एकही वाक्य नसायचं.

"नीट ऐक," इतिहास मंडळाची अध्यक्ष मर्ना त्याच्या काळ्या कोटाची बटणं लावत म्हणाली. दोघं एकाच वर्गात शिकलेली. "फजिती केलीस ना, तर पुढच्या वर्षी परत नदीत जाशील."

"अगं, लेलँडपेक्षा मला भाषण पाठ आहे. दरवर्षी शेजारी मेल्यासारखा पडून तेच तर ऐकतो!"

उंच काळी टोपी चढवून तो स्मशानाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला आणि मेपलच्या झाडांखाली घोकत फेऱ्या मारू लागला. पानं नुकती लाल व्हायला लागली होती. एखादं अलगद येऊन टोपीवर बसायचं, दोन ओळी ऐकायचं आणि निघून जायचं.

तेवढ्यात शववाहिका येऊन थांबली. आतून घामाघूम झालेला एक माणूस उतरला आणि डेल्बर्टकडे पाहून त्याचा चेहरा उजळला.

"आलात का! बरं झालं बाबा. एक जण कमीच पडत होता. ही कड धरा."

"अहो, मी संस्थापक आहे..."

"असाल हो. आधी धरा. गुडघ्यात वाका, कमरेत नको."

काळा कोट, काळी टोपी. त्या बिचाऱ्याला दुसरं काय वाटणार? आणि शवपेटी ही चीज अशी आहे, की एकदा उचलल्यावर 'मला जरा काम आहे' म्हणून मध्येच खाली ठेवता येत नाही.

इकडे क्रूटच्या थडग्याशी बसभर माणसं ताटकळली होती. त्यांतल्या एका गुलाबी टोपीवाल्या बाईला झाडांमधून तो दिसला.

"अगं बाई, तो बघा क्रूट! स्वतःची पेटी स्वतःच वाहून नेतोय!"

"वा! यंदा काहीतरी नवीन बसवलंय," दुसरा म्हणाला, आणि सगळी फेरी त्या बाजूला वळली. मर्ना हात हलवत मागे धावली. पण स्मशानात ओरडू नये, ही पाटी तिनंच फाटकावर लावून घेतली होती.

खड्ड्याशी खुर्च्यांची एक रांग मांडली होती आणि रांगेत एकच बाई बसली होती. ती जोलीन, गेलेल्या माणसाची मुलगी. वडिलांसाठी ॲरिझोनाहून एकटीच आलेली. रिकाम्या खुर्च्यांकडे ती पाहत नव्हती. पाहायचं नाही असं ठरवूनच बसली होती. झाडांमागून माणसं येऊ लागली, येतच राहिली, तेव्हा ती उठून उभी राहिली.

"एवढी माणसं?" ती पास्टरना म्हणाली. "बाबांसाठी?"

डेल्बर्टनं पेटी टेकवता टेकवता ते ऐकलं. पळून जायची वेळ निघून गेली होती. आता एकच गोष्ट महत्त्वाची होती : हिला खरं कळता कामा नये.

पास्टर गावात नवे. एवढी गर्दी पाहून त्यांनाही हुरूप आला. "गॉर्डन रेश यांच्याविषयी कोणी दोन शब्द बोलेल का?"

गॉर्डन रेश! अंगणात आलेला चेंडू कधी परत न देणारा! नाताळची गाणी म्हणायला आलेल्या पोरींवर पाण्याची नळी सोडणारा! डेल्बर्टनं मनाचे सगळे कप्पे धुंडाळले, पण एक बरा शब्द सापडेना. आणि सगळ्यांच्या नजरा तर उंच टोपीवर खिळलेल्या. जोलीनचीसुद्धा.

त्याला एकच भाषण येत होतं. त्यानं 'मी'चा 'तो' केला आणि सुरुवात केली.

"तो गोड बोलायला आला नव्हता. थंडीच अशी होती, की शब्द ओठांवर गोठायचे. नदी वाहायची, ती बोलायची नाही. तोही राबायचा, तो बोलायचा नाही. दार लहान होतं, दिवा एकच होता. वारा मोठा होता, तरी दिवा जळत होता..."

जोलीननं डोळ्यांना रुमाल लावला. डेल्बर्टला चेव चढला. पाठांतर उताराला लागलं की त्याला ब्रेक नसतो.

"...आणि त्यानं कुऱ्हाडीच्या एका घावात अस्वल लोळवलं!"

"अस्वल?" पास्टर म्हणाले.

डेल्बर्टनं टोपी सावरली. "म्हणजे... मनातलं. अस्वल प्रत्येकाच्या मनात असतं. यांनी ते कधी बाहेर येऊ दिलं नाही."

मागून कोणी गाववाला जोरात खोकला.

भाषण संपलं आणि घात झाला : माणसांनी टाळ्या वाजवल्या. पास्टर दचकले. पण मर्ना आता धापा टाकत पोचली होती. तिनं त्याच टाळ्यांच्या तालावर खड्या आवाजात स्तोत्र सुरू केलं, पास्टरनी उचलून धरलं, आणि सगळं कसंबसं रीतीत बसलं.

माती लोटली. माणसं पांगू लागली. गुलाबी टोपीवाली बाई नेमकी डेल्बर्टकडेच आली.

"फार छान केलंत हो! आणि ती मुलगी कोण घेतलीत? रडणं किती खरं वाटत होतं!"

"शूऽऽ! बाई, तुमच्या पाया पडतो..."

पण जोलीन मागेच उभी होती. डेल्बर्टनं टोपी काढली. आता टोपीखाली नुसता डेल्बर्टच उरला.

"माफ करा. ही माणसं... म्हणजे मीसुद्धा... आमची स्मशानफेरी असते, आणि..."

"ठाऊक आहे मला," जोलीन म्हणाली.

"कधीपासून?"

"सुरुवातीपासून. या बाईंनी मला खड्ड्याशीच विचारलं, 'तुमचं काम कोणतं?' मी म्हटलं, 'मुलीचं.'" तिला हसू आवरेना, रडूही आवरेना. "त्या म्हणाल्या, 'छान करताय हं, घाबरू नका.' आणि शेवटपर्यंत माझा हात धरून उभ्या राहिल्या."