टाचेखालचा उंदीर

जयसिंगरावांनी श्रावणातल्या पहिल्या सोमवारी जाहीर करून टाकलं, की यंदा गणपती तेच आणणार, हातात धरून आणणार आणि चालत आणणार. जाहीर केलं म्हणजे साबुदाण्याच्या खिचडीची ताटली बाजूला सारून, बायकोला, मुलाला आणि शेजारच्या उन्मेषला एकाच वेळी ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. उन्मेष नुसता साखर मागायला आला होता. बातमी पसरवायला आपल्याला कुणी बोलावलं नव्हतं हे त्याच्या लक्षात आलं नाही, त्यामुळे दुपारपर्यंत सुदामा नगरच्या त्या गल्लीत ती सगळ्यांना कळली होती.

जयसिंगरावांचं म्हणणं साधं होतं. आमच्या सात पिढ्या होळकरांच्या रिसाल्यात. आम्ही चालत नसू, घोड्यावरून येत असू. ज्यांच्या पूर्वजांनी घोडे काबूत ठेवले त्यांना एक पाय काबूत ठेवणं काय जड आहे? आता ते स्वतः बत्तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या दप्तरात बसले होते आणि घोड्याच्या जवळ फक्त लग्नात गेले होते, तेही घोडी होती आणि भाड्याची होती. पण घराण्याची गोष्ट सांगताना मधली ही बत्तीस वर्षं ते पटकन ओलांडत.

पाय गेला तो दोन वर्षांपूर्वी, नव्या बुटानं टाचेला लागलेल्या एका फोडापायी. साखरेचा आजार जुना, दुर्लक्ष त्याहून जुनं. डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. त्यानंतरच्या पहिल्या चतुर्थीला जखम भरायची होती, गणपती भावाकडे बसला. दुसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या वर्षी, मूर्ती मुलानं, निखिलनं आणली. जयसिंगराव व्हीलचेअरवर दारामागे बसून होते. निखिल टोपी घालून आला, उंबऱ्यावर थांबला, आईनं पायावर पाणी घातलं, ओवाळलं, तो उजवा पाय आधी टाकून आत आला. पोरानं कुठे काही चूक केली नाही. जयसिंगरावांना नेमकं तेच सोसलं नाही. चूक झाली असती तर निदान सांगायला तरी माणूस लागला असता.

म्हणून यंदाचा हा कृत्रिम पाय. पुनर्वसन केंद्रातल्या मितालीनं तो बसवला. मिताली वयानं लहान, पण मापात पक्की. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की अंकल, पुढच्या वेळी रोज घालता ते जोडे घेऊन या, त्यांच्या टाचेच्या उंचीवर या पायाचं सगळं सेटिंग बसतं. जयसिंगराव रोज घालत ती झिजलेली सपाट सँडल. ती घेऊन चारचौघांत जायचं त्यांच्या जिवावर आलं. ते एका लग्नासाठी घेतलेले काळे, चांगली बोटभर टाच असलेले बूट पॉलिश करून घेऊन गेले.

मितालीनं बूट उलटे करून तळवे पाहिले. दुकानातून आल्यासारखे कोरे.

"अंकल, रोज हेच घालता ना? पक्का?"

"रोज," जयसिंगराव म्हणाले.

पाय बुटाला बसला आणि छान बसला. घरात बूट चालणार नाहीत हे बायकोनं, शैलजाताईंनी, आधीच सांगितल्यामुळे तेवढ्याच टाचेची एक चप्पल चांभाराकडून करून घेतली. ती घरातच राही, धुतली जाई, तिला बाहेरची हवा माहीत नव्हती. महिनाभर जयसिंगराव पहाटे बूट चढवून मूर्तिकार द्वारकाबाईंच्या मांडवापर्यंत जात आणि परत येत. तीनशे बारा पावलं. काठी आधी हातात, मग काखेत, मग घरीच. मितालीनं सूचनांचा एक कागद दिला होता. तो त्यांनी घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवला, आणि चष्मा ते डोक्यावर ठेवत.

चतुर्थीची सकाळ उजाडली. जयसिंगराव धोतर, काळी टोपी, काळे बूट. शैलजाताई दारात तांब्या-ताम्हण घेऊन थांबणार होत्या. निखिलनं व्हीलचेअर बरोबर घ्यायचा हट्ट धरला.

"रिकामी चलेगी ना बाबा, क्या जाता है? लागली तर आहे."

"लागणार नाही," जयसिंगराव म्हणाले, आणि मांडवापर्यंत खरंच लागली नाही. निखिल रिकामी खुर्ची ढकलत मागून आला.

द्वारकाबाईंची शाडूची मूर्ती तयार होती, तोंडावर रुमाल घालून. चाळीस वर्षं या घराची मूर्ती त्यांच्याचकडची. जयसिंगरावांनी नमस्कार केला आणि मूर्तीला हात लावण्याआधी, चाळीस वर्षं करत आले तसे, जोडे काढले. देव आणायचा तो अनवाणी. यात विचार करण्यासारखं कुणालाच काही वाटलं नाही. निखिलनं ते बूट उचलून व्हीलचेअरवर ठेवले.

जयसिंगराव उभे राहिले आणि त्यांना वाटलं, कुणीतरी छातीला हात लावून मागे लोटतंय. मागेपुढे पाहिलं, कुणी नव्हतं. एक पाऊल टाकलं. सपाट जमीन मानपूरच्या घाटासारखी चढाला लागली. गुडघा मागे ताणला गेला, आणि त्यांनी मूर्तीच्या फळीची कड धरली.

त्यांना मितालीचा कागद आठवला. न वाचलेला कागद माणसाला इतका लख्ख आठवू शकतो हे त्यांना त्या दिवशी कळलं. पाय टाचेच्या बुटासाठी बसवलेला, बूट काढला तर टाच खाली जाते आणि माणूस मागे. आणि रोजची म्हणून त्यांनी ती सपाट सँडल नेली असती तर आज काहीच झालं नसतं.

निखिलच्या लक्षात आलं. तो हळूच म्हणाला, "बाबा, मी पकडतो ना. घराच्या कोपऱ्यावर परत तुमच्या हातात देतो. किसको पता चलेगा?"

जयसिंगरावांनी वळून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून निखिलनंच मान खाली घातली.

द्वारकाबाई मात्र चेहऱ्याकडे पाहत नव्हत्या. त्या पायाकडे पाहत होत्या, जशा मूर्ती वाळत घातल्यावर पाहतात.

"रावसाहेब, मागे जाऊन राहिले तुम्ही," त्या म्हणाल्या. "मूर्ती मागे जाते तेव्हा आम्ही काय करतो? तिला धरून बसतो का? टाच उचलतो."

त्यांनी फळीखालच्या टोपलीत हात घातला. टोपलीत वाळवताना मोडलेला माल होता. त्यातून एक उंदीर निघाला, कान तुटलेला, शेपूट गेलेली, पण पाठ भरलेली आणि नाकाकडे निमुळता होत गेलेला. कोरीवकामाची सुरी पोटावरून दोनदा फिरली. उंदीर टाचेला लागेल असा सपाट झाला.

जयसिंगराव मागे सरकले, म्हणजे जेवढे आधीच सरकले होते त्याहून थोडे जास्त. "देवाच्या उंदरावर पाय?"

"प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती माती आहे. आणि झाली असती तरी त्याचं कामच काय, सांगा मला? ओझं वाहणं."

जयसिंगरावांनी पाय पुढे केला. कृत्रिम पायावरच्या पातळ मोज्यात, टाचेखाली, उंदीर बसवला, वरून लाल कापडाची पट्टी बांधली. जयसिंगराव उभे राहिले. जमीन पुन्हा सपाट झाली. पूर्ण नाही, थोडा चढ उरला, पण हा चढ माणसाला चढता येईल असा होता. द्वारकाबाईंनी मूर्ती त्यांच्या हातात दिली आणि बजावलं, पाण्यापासून जपा. जयसिंगरावांना वाटलं, मूर्तीबद्दल म्हणाल्या.

तीनशे बारा पावलं निघाली. पुढे जयसिंगराव, मागे निखिल, निखिलच्या पुढ्यात व्हीलचेअर आणि व्हीलचेअरवर, एखादा आजारी सरदार बसावा तसे, ते काळे बूट.

उरलेल्या चढापायी जयसिंगरावांना छाती पुढे आणि हनुवटी वर ठेवावी लागत होती. गल्लीनं याचा आपापला अर्थ लावला. गॅलरीतल्या कुणी म्हटलं, बघा, पाय गेला पण ताठा गेला नाही. दुसऱ्या कुणाला त्यांच्या गालांवरून उतरणारा घाम भक्तीचे अश्रू वाटला आणि तिनंही पदर डोळ्यांना लावला. तिसऱ्याचं मत पडलं, की बूट बघा, हा नवस आहे. उन्मेष झांजा घेऊन धावत आला.

"क्या बात है भिया, पूरे रुबाब में!" तो ओरडला आणि झांजा वाजवू लागला. उन्मेषचा ताल म्हणजे पावसात पत्र्यावर पडणाऱ्या गारा. पाय आपोआप त्या तालावर पडायला बघतात. जयसिंगरावांनी पंचवीस पावलं गारांशी झुंज दिली. उन्मेषनं "गणपती बाप्पा" म्हटल्यावर "मोरया" म्हणणं भाग होतं, पण मोरयासाठी श्वास सोडावा लागतो आणि सोडलेल्या श्वासाबरोबर तोल जातो हे पहिल्या मोरयालाच कळलं. पुढचे सगळे मोरया त्यांनी मनात म्हटले. निखिल मागून दोघांच्या वाटचे म्हणत होता. त्याचा आवाज चारशेव्या आरतीला गळा सुकलेल्या पुजाऱ्यासारखा झाला होता, पण एकाही मोरयाला तो चुकला नाही.

दोनशे नव्वद. तीनशे. उंबरा.

दारात शैलजाताई उभ्या होत्या. त्यांच्या एका हातात निरांजनाचं ताम्हण, दुसऱ्यात कोमट पाण्याचा तांब्या. नवऱ्याला हातात मूर्ती घेऊन चालत येताना पाहून त्यांच्या ओठांचं काहीतरी झालं, ते त्यांनी लगेच आवरलं. भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग त्या तांब्या घेऊन खाली वाकल्या.

तेव्हा कुठे जयसिंगरावांना द्वारकाबाईंचं शेवटचं वाक्य समजलं.

"आज पाणी राहू दे," ते हळूच म्हणाले.

"राहू दे कसं? देव आणणाऱ्याचे पाय धुतल्याशिवाय आत घेतात का कधी?" शैलजाताईंनी उजव्या पायावर पाणी घातलं. मग डाव्यावर. डाव्यावर जरा जास्तच, कारण गेली दोन वर्षं तो राहून गेला होता.

लाल पट्टीतून करडं पाणी वाहू लागलं. पायरीवर, पायरीवरून अंगणात. उन्मेषच्या झांजा थांबल्या.

"भाभी, मूर्ती पाझरतेय," तो म्हणाला, आणि सगळी गल्ली मूर्तीकडे पाहू लागली. मूर्ती कोरडी होती. उंदीर मात्र टाचेखालून आपल्या वाटेनं निघाला होता. जयसिंगराव हळूहळू, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आकाशाकडे पाहू लागले.

निखिलनं दोन्ही हात पुढे केले. "बाबा, द्या. प्लीज."

जयसिंगरावांची बोटं मूर्तीच्या बैठकीवर पांढरी पडली होती. ते बायकोकडे पाहत होते. मूर्ती पडली तर काय, हे त्यांना माहीत होतं. दिली तर काय, हेही.

शैलजाताईंनी आधी करडं पाणी पाहिलं, मग ती पट्टी, मग व्हीलचेअरवरचे बूट. चाळीस वर्षांच्या संसारात माणूस न सांगता बरंच काही शिकतो. त्यांनी ताम्हण खाली ठेवलं, दाराआडून ती घरातली चप्पल ओढली, वाकून लाल पट्टी सोडली, उंदराचा चिखल हातानं पुसला आणि चप्पल त्या डाव्या पायात चढवली.

मागून कुणीतरी म्हणालं, की चप्पल घालून देव आत?

"देव आणताना अनवाणी असायचं ते माणसानं," शैलजाताई न वळता म्हणाल्या. "त्यांचा स्वतःचा पाय अनवाणीच आहे. काठीच्या टोकाला आपण रबर लावतोच ना? तसं आहे हे." आणि नवऱ्याला म्हणाल्या, "उजवा आधी."

उजवा अनवाणी, डावा चपलेत, एक आखूड एक लांब. जयसिंगराव उंबऱ्यापासून मखरापर्यंत अकरा पावलं लंगडत गेले. रुबाब बाहेरच राहिला होता. त्यांनी मूर्ती पाटावर ठेवली, रुमाल काढला आणि हात जोडले. निखिलनं बूट बाहेर काढून खुर्ची मागे आणून ठेवली. ते बसले. या वेळी बसण्यात काही कमी वाटलं नाही.

दुपारी शैलजाताईंनी मोजा नळाखाली धरला आणि उंदराचा उरलेला गोळा तुळशीत नेऊन ठेवला. मितालीला फोन करून खरं काय ते सांगा, ती टाचेखाली घालायला रबराची चकती देईल, असं त्यांनी नवऱ्याला बजावलं. ते कागदावरच लिहिलेलं होतं. शैलजाताईंनी चष्म्याची डबी उघडून तो वाचला होता.

संध्याकाळी दर्शनाला माणसं आली. जयसिंगरावांनी सवयीनं रिसाला काढला. सात पिढ्या, घोडे, आम्ही चालत नसू.

"खरं आहे," शैलजाताई नैवेद्याचं ताट मांडत म्हणाल्या. "सात पिढ्या घोड्यावरून आल्या. उंदरावरून आलेले हे पहिलेच."

पाहुणे थोडंसं हसले. त्यांना वाटलं, गणपतीबद्दल चाललंय. मग इकडेतिकडे पाहून जयसिंगरावांनी आपल्या ताटलीतला मोदक उचलला आणि पाटावरच्या उंदरासमोर, कुणाला दिसणार नाही असा, सरकवून ठेवला.