लाल ठिपका

रंगनाथरावांनी जुन्या ट्रकला एसी बसवायचं ठरवलं ते गारव्यासाठी नव्हे, ड्रायव्हर टिकवण्यासाठी. श्रीगोंद्यात आप्पासाहेबांनी नवा एसीवाला ट्रक घेतला होता आणि रंगनाथरावांच्या ड्रायव्हरला, श्रीमंतला, ‘ये माझ्याकडं’ असा निरोपही धाडला होता. रंगनाथरावांचा ट्रक फक्त श्रीमंतच्या हातात नीट चाले. दुसरा कुणी बसला की घाटात रुसायचा.

आता गॅरेजवाला म्हटला की चांगला पार्ट काढून रद्दी घालणारच, हे बाळकडू रंगनाथरावांना लहानपणीच मिळालं होतं. म्हणून नगरला निघण्याआधी त्यांनी सुनेकडून लाल नेलपॉलिशची बाटली मागून घेतली आणि बॅटरी, डायनॅमो, रेडिएटर, जिथं हात पोचेल तिथं ठिपका दिला.

"मालक, एवढा संशय बरा न्हाई," श्रीमंत म्हणाला.

"संशय न्हाई रं, खूण हाय."

गॅरेजात सूर्यभान फिटर काम करत होता आणि रंगनाथराव नेलपॉलिशची बाटली घेऊन त्याच्या मानेशी स्टूल टाकून बसले होते. चहासुद्धा त्यांनी पाठ न फिरवता प्याला. दुपारी मात्र देहधर्मापुढं इलाज चालेना, तेव्हा उठावं लागलं.

संध्याकाळी केबिन गारेगार झाली. श्रीमंत काचा वर करून डोळे मिटून बसला. रंगनाथरावांनी एकेक ठिपका तपासला. सगळे जागच्या जागी. मग नजर एसीच्या नव्याकोऱ्या कॉम्प्रेसरवर गेली आणि ते किंचाळलेच. तिथंही लाल ठिपका!

"फसवलं! दुसऱ्या कुनाच्या गाडीचा जुना माल हाय ह्यो! त्या बिचाऱ्यानं बी खूण केली हुती!"

गर्दी जमली. सूर्यभान हात पुसत पुढं आला. "ठिपका म्या दिलाय. तुमी उठला तवा बाटली स्टुलावरच हुती. नवा पार्ट घरी काढून ठिवायचा अन् जुना घिऊन भांडाय यायचं, असली गिऱ्हाइकं लई झालीत."

"माझ्यावर संशय?"

"संशय न्हाई, खूण हाय."

काचेआड श्रीमंतला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी कांदा भरून गाडी तयार होती. श्रीमंत आत बसला आणि लगेच खाली उतरला. डिझेलच्या काट्याशी काचेवर ताजी लाल रेघ होती. गाडी उभी करून हा एसीत झोपा काढेल, ही शंका रंगनाथरावांना स्वस्थ बसू देत नव्हती.

श्रीमंतनं किल्ली बोनेटवर ठेवली. एसी बसला होता आणि ड्रायव्हर चालला होता.

"आना ती बाटली," श्रीमंत म्हणाला. "माज्या कपाळाला बी एक ठिपका द्या. न्हाईतर सांजच्याला म्हनाल, ड्रायव्हर बदलून आला."

रंगनाथराव ओशाळले. आत चढून त्यांनी नखानं ती रेघ पार खरवडून काढली आणि स्वतःच किल्ली श्रीमंतच्या हातात दिली. "जा बाबा. लाव तुला पायजे तेवढा एसी."

श्रीमंतनं काचा वर केल्या. गाडी वळणाआड होईतो रंगनाथराव कौतुकानं बघत राहिले.

डिझेलच्या टाकीच्या आणि झाकणाच्या सांध्यावर आणखी एक ठिपका होता. त्याचं मात्र ते काही बोलले नव्हते.