शेवटची गाठ

तीस वर्षांहून अधिक काळ मी एक चूक लपवली. ती लपली यात माझी हुशारी काहीच नव्हती. ती दुसऱ्या एका माणसाने आपल्या माथी घेतली होती. त्या माणसाचे नाव सदाशिव गायकवाड. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत ते माझ्या वरच्या मजल्यावर राहतात, सगळे त्यांना दादा म्हणतात, आणि कोणताही पदार्थ आला कुठून, याची चौकशी केल्याशिवाय ते तो तोंडात घालत नाहीत.

माझ्या नातीच्या बारशाला त्यांनी सफरचंदाची फोड उचलून माझ्या पत्नीला विचारले, "सूनबाई, काश्मीर ना?"

"बाजारातून आणलंय, दादा."

"बाजारात उगवतं होय! पूर्वी घाटात दरड कोसळली की निम्मी गाडी तिथंच सडायची. आता बोगद्यातून सुसाट येतं. खा गं पोरींनो, देश जोडला गेल्याची चव आहे ही."

सकाळी ते गॅलरीत बसून महामार्गावरचे ट्रक न्याहाळतात. चष्मा कपाळावर, दुर्बीण डोळ्यांना. "आसाम! केवढ्या लांबून आलास रे बाबा!" असे ओरडून हातही करतात. खालून आमचे सेक्रेटरी मेहताभाई चिडवतात, "दादा, टोल घ्यायला बसलात काय?"

"टोल नाय, हजेरी घेतोय."

जकात बंद झाली त्या दिवशी दादा पेढ्यांचे खोके घेऊन थेट नाक्यावर गेले. जिथे गाड्यांच्या रांगा तासन्‌तास खोळंबत, तिथे त्यांनी प्रत्येक चालकाच्या हातावर पेढा ठेवला. नाक्यावरच्या कारकुनालाही दिला. "घे रे, तुझीपण सुटका झाली!" रस्ता, पूल, बंदर, मालगाडी, कशाचेही उद्‌घाटन असो, दादांच्या घरी शिरा होतो. या देशाचा व्यापार आपण स्वतः खांद्यावर वाहिला, अशी त्यांची भावना आहे. आणि ती बव्हंशी खरी आहे.

चहा मात्र ते आधी हुंगतात. लोक हसतात. मी त्या वेळी दुसरीकडे पाहतो.

आम्ही दोघे एकाच ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामात होतो. दादा माल भरून घेणारे मुकादम, मी नवा बुकिंग क्लार्क. तिथे एक रीत होती: ताडपत्रीच्या दोराची शेवटची गाठ ज्याची, गाडी त्याची. पुढे काहीही बिघडले तर जाब त्याने द्यायचा. दादांची गाठ पाहून व्यापारी माल न तपासता पोहोच लिहून देत.

एकदा दादा जेवायला गेले असताना जळगावच्या गाडीत चहाच्या पेट्या भरल्या गेल्या. मागे जागा उरली होती. मी हमालांना तिथे हिंगाची पोती टाकायला सांगितले आणि ताडपत्री ओढून घेतली. एक गाडी वाचवल्याचा मला अभिमान वाटला. दादा परतले, मी "झालंय सगळं" म्हणालो, आणि माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी गाठ मारली.

चहाच्या व्यापाऱ्याने सगळा माल परत पाठवला. सोबत निरोप होता, "हा चहा आमटीत घाला." मालकाने सर्वांसमोर विचारले, "गाडी कोणाची?"

दादांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. "गाठ माझी आहे, शेठ."

नोकरी जाण्याच्या भीतीने मी खाली पाहत राहिलो. दादांना माल भरण्यावरून काढून फाटकावर बसवले. निवृत्तीपर्यंत ते तिथेच होते. त्यांनी मला कधी एका शब्दाने विचारले नाही. म्हणून मला बोलणे अधिकच कठीण होत गेले.

यंदा प्रजासत्ताक दिनी झेंडावंदनानंतर मेहताभाईंनी माइक दादांपुढे धरला. "मुलांना सांगा ना, देशभर माल कसा पोचतो ते."

दादांनी हात जोडले. "रस्ते दाखवीन गॅलरीतून. माल भरायचं नका विचारू. ज्याच्या हातून गाडी नासली, त्यानं पोरांना काय शिकवायचं?"

"एवढ्या वर्षांत एकच ना?" कोणीतरी म्हणाले.

"एकच. पण माझी ना ती." हे बोलताना ते माइकपासून मागे सरले आणि त्यांचा आवाज इतका खाली गेला की पुढच्या रांगेलाच ऐकू आला असेल. मी पुढच्या रांगेत होतो. फाटकावरच्या त्या खुर्चीत हा माणूस इतकी वर्षे काय घेऊन बसला होता, ते मला त्या क्षणी कळले.

मी उठलो. माइक हातात घेतला.

"ती गाडी दादांची नव्हती," मी म्हणालो. "चहाशेजारी हिंग मी ठेवायला लावला. ताडपत्री मी ओढली आणि यांना सांगितलं नाही. मालकानं विचारलं तेव्हाही गप्प बसलो." मग मी त्यांच्याकडे वळलो. "दादा, तुमच्या हातून एकही गाडी नासलेली नाही. चूक माझी होती. मला माफ करा."