चष्म्याची डबी आणि तांत्रिक उपसमिती

रविवारी सकाळी पाळकसाहेब नेहमीच्या वेळी उठले. त्यांनी दाढी केली, चहा घेतला, पांढऱ्या झग्याच्या बाह्यांवरची इस्त्री तपासली आणि एका हातात झगा व दुसऱ्या हातात मोबाइलचा स्टँड घेऊन ते घरामागच्या अंगणातून चर्चकडे निघाले. दार उघडताच नव्या रंगाचा वास आला. रिकाम्या बाकांमधून चालत ते पुढे गेले, दोन खांबांना बांधलेले हिरवे कापड त्यांनी ताणून सरळ केले आणि त्याच्यापुढे उभे राहिले. कापडामुळे मागचे चर्च पूर्णपणे झाकले गेले. मग त्यांनी मोबाइल सुरू केला आणि पडद्यावर, कापडाच्या जागी, चर्चचे छायाचित्र दिसू लागले.

चर्चमध्ये उभे राहून, चर्च झाकून, चर्चचे चित्र दाखवण्यात कोणालाही काही वावगे वाटत नव्हते. ही पद्धत तांत्रिक उपसमितीने ठरवलेली होती. उपसमितीचे म्हणणे असे, की खऱ्या चर्चमध्ये ऊन कमीजास्त होते, त्यामुळे ते खरे वाटत नाही.

हे सारे छतामुळे सुरू झाले. उपासना चालू असताना गिलाव्याचा एक मोठा तुकडा पुलपिटाशेजारी, म्हणजे उपदेशाच्या चौथऱ्याशेजारी, पडला, आणि दुरुस्ती होईपर्यंत मंडळीने आपापल्या घरून ऑनलाइन जमावे असा ठराव झाला. त्यासाठी उपसमिती नेमण्यात आली. निमंत्रकपद विमासाहेबांकडे आले. ते विमा कंपनीच्या शाखेचे प्रमुख होते आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यास तो बरा होतो, हा शोध त्यांनी कोणाच्याही मदतीशिवाय लावला होता.

उपसमितीने प्रथम मार्गदर्शक सूचना काढल्या. कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर असावा. प्रार्थनेत डोळे मिटणाऱ्यांनी ते मिटण्यापूर्वी पातळी तपासून घ्यावी. उजेड समोरून यावा. ही सूचना केवळ दिव्यांपुरती आहे, आध्यात्मिक बाबींना लागू नाही. मागे वाळत घातलेले कपडे दिसू नयेत. सूचना चांगल्या होत्या आणि मंडळीने त्या मनापासून पाळल्या. पहिल्या रविवारी सगळे चेहरे उजळ, समपातळीत आणि कपड्यांविना, म्हणजे मागच्या दोरीवरच्या कपड्यांविना, दिसले.

अडचण आली ती 'आमेन'ची. पाळकसाहेबांची प्रार्थना संपली की प्रत्येक घरातून आमेन निघे. पण कोणाचे लगेच पोचे, कोणाचे रेंगाळत येई, आणि पुढच्या गीताचे दुसरे कडवे सुरू झाले तरी उशिरा पोचलेल्या पाहुण्यांसारखी आमेने दार वाजवत राहत. यावर उपाय म्हणून सर्वांनी आपापले माइक बंद ठेवावेत आणि मंडळीच्या वतीने एकच प्रमाणित आमेन वाजवावे असे ठरले. ते विमासाहेबांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाले. ऐकताना हप्ता मिळाल्याची पोच घेतल्यासारखे वाटे, पण ते वेळेवर येई.

एकच माइक बंद होईना. तो मावशींचा होता.

मावशी म्हणजे शाळेतल्या निवृत्त शिवणबाई. मंडळीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी काजे-बटणे शिकवली होती, त्यामुळे त्या सगळ्यांच्याच मावशी होत्या. एकट्या राहत. उपसमिती त्यांचा माइक बंद करी. मावशींना वाटे आपल्याच बोटाने काही बिघडले, म्हणून त्या तो शोधून पुन्हा चालू करत. परिणामी उपासनेत कुकरची शिट्टी येई, भाजीवाल्याशी घासाघीस येई, आणि वचन वाचणारा अडखळला की "अरे, चष्मा लाव की" असा सल्लाही येई. शेवटी विमासाहेबांनी गोंगाट गाळण्याची सोय सुरू केली. या सोयीमुळे माणसाचा आवाज तेवढा पुढे जातो. शिट्टी, टकटक, खडखड असे निरर्थक आवाज वाटेतच गाळले जातात. सर्वांना हायसे वाटले.

गाळलेल्या आवाजांत मावशींच्या चष्म्याची डबी होती.

या मंडळीत एक रिवाज होता. तो कोणत्याही घटनेत लिहिलेला नव्हता आणि त्यावर कधी कोणी बोललेही नव्हते. मावशी पहिल्या बाकावर बसत. उपदेश पुरे झाला असे वाटले की त्या चष्मा काढून पत्र्याच्या डबीत ठेवत आणि डबी मिटत. टक. पाळकसाहेब हातातले वाक्य संपवून थांबत. नव्या उमेदवारीच्या काळात एकदा ते त्यानंतरही बोलत राहिले होते, तेव्हा मावशींनी डबी उघडून पुन्हा मिटली होती. ती वेळ पुढे कधी आली नाही.

आता हिरव्या कापडापुढे उभे राहून पाळकसाहेब उपदेश करत आणि डबीची वाट पाहत. ती वाजेना. पहिल्या रविवारी त्यांना नवल वाटले. दुसऱ्या रविवारी अभिमान वाटला. "मावशींना अजून ऐकायचंय," असे त्यांनी पाळकीणबाईंना सांगितले. तिसऱ्या रविवारी त्यांनी जास्तीचे मुद्दे काढून नेले. पुढे पुढे उपदेश इतका लांबू लागला की मंडळीतले लोक स्वयंपाक, स्नान आणि वामकुक्षी त्यातच उरकू लागले.

माणसाच्या सहनशक्तीला सीमा असते आणि कॅमेऱ्याला बटण असते. एकेक चौकट काळी होऊ लागली. उपसमितीने तातडीने नियम केला, की उपासनेत कॅमेरा चालू ठेवणे बंधनकारक राहील. पुढच्या रविवारी सगळे चेहरे परत आले. मंडळी लक्ष देऊन ऐकत होती, मधूनच माना डोलावत होती. पाळकसाहेबांना इतका हुरूप आला की त्यांनी बायबलातल्या संदेष्ट्यांपैकी धाकटे सगळे एकाच बैठकीत संपवले.

हे किती दिवस चालले असते कोण जाणे. पाळकीणबाई स्वयंपाकघरात मोबाइल डब्याला टेकवून उपासना पाहत असत. एका रविवारी जेवताना त्या म्हणाल्या, "डॉक्टरीणबाईंचं मांजर फार भाविक दिसतं."

"का बरं?"

"तुम्ही 'दुसरं म्हणजे' म्हणालात की ते मागच्या खिडकीवरून जातं. गेल्या रविवारी गेलं, त्याच्या आधीच्या रविवारीही गेलं. आणि डॉक्टरीणबाई या उकाड्यात स्वेटर घालून बसतात."

पाळकसाहेबांनी घास तसाच ठेवला. "म्हणजे?"

"म्हणजे त्या तिथे नसतात. थंडीत कधीतरी बसल्या होत्या, तेच पुन्हा दाखवतात. विमासाहेबांच्या घरी तर भिंतीवरचं घड्याळसुद्धा दर रविवारी मागे जातं."

उपसमितीची बैठक बोलावण्यात आली. ती अर्थातच ऑनलाइन होती, आणि तिच्यात आपल्यापुढे बसलेले सदस्य कोणत्या महिन्यातले आहेत हे ओळखण्याचा पाळकसाहेबांनी बराच प्रयत्न केला. शेवटी त्यांनी सरळ विषय काढला.

"साहेब, नियमभंग कुठेच झालेला नाही," विमासाहेब शांतपणे म्हणाले. ते तरी खरे होते, कारण उत्तर देत होते. "नियम कॅमेरा चालू ठेवायचा आहे. माणूस चालू ठेवायचा नाही."

"पण मग मी बोलतो कोणाशी?"

"मंडळीशीच की. आकडे बघा ना. चर्चमध्ये भरायचो तेव्हा कोणी आजारी, कोणी गावाला, कोणाकडे पाहुणे. आता शंभर टक्के. गेल्या महिन्यात गुजरलेले घड्याळजीसुद्धा गैरहजर नाहीत."

"छताचं काम झालंय. गवंडी येऊन सांगून गेला, आता बसा म्हणून."

"गवंड्याचं काय जातंय? लोकांना परत प्रत्यक्ष बोलावलं तर टक्का घसरेल. वर काय कळवायचं? छत बसलं आणि मंडळी उठली?" विमासाहेबांनी पुढचा कागद घेतला. "खरं तर बैठकीपुढे वेगळाच विषय आहे. एक तक्रार आहे. आपल्याकडे एक सदस्या अजून थेट येतात."

"कोण?"

"मावशी. इतर सगळे एका लयीत मान हलवतात आणि या मध्येच उठतात, खोकतात, टेबलावर काहीतरी आपटतात. पडद्याची शिस्त जाते. उपसमितीचं मत असं पडलं, की मावशींची मान हलवतानाची एक छोटी चित्रफीत करून घ्यावी आणि त्यांना या त्रासातून मोकळं करावं. तुम्हीच जाऊन घेऊन या, साहेब. तुमचं ऐकतील."

"आणि त्या नाही म्हणाल्या तर?"

"मग त्यांना आत घेणं थांबवावं लागेल. नाइलाज आहे. मंडळीचा प्रश्न आहे."

ठराव एकमताने मंजूर झाला. दोन सदस्यांनी मंजुरीपूर्वीच मान हलवलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळकसाहेब मावशींच्या घरी गेले. मावशी शिवणयंत्रावर उशीचा अभ्रा शिवत होत्या. यंत्राच्या टेबलावर, बरोबर डोळ्यांच्या पातळीवर, कापडाच्या गठ्ठ्यावर मोबाइल उभा केलेला होता. सूचनांचे पालन करणारे हे मंडळीतले बहुधा शेवटचे घर होते.

"या, साहेब. बसा. सुई आहे तिथे, बघून बसा."

पाळकसाहेब बघून बसले. "मावशी, एक काम होतं. तुमची मान हलवतानाची फिल्म घ्यायची आहे."

"कशाला?"

"उपासनेत दाखवायला. उपदेश पटतोय अशी."

"पटला तर हलवीन की. त्याची फिल्म कशाला काढायची?"

"आधी काढून ठेवायची आहे. पटायच्या आधी."

मावशींनी यंत्राचे चाक हाताने थांबवले. "म्हणजे माप घ्यायच्या आधीच झबलं शिवायचं. मला नाही जमायचं ते. तुम्ही बोला काहीतरी. पटलं तर आपोआप हलेल, मग घ्या."

आता शिवणयंत्रापलीकडच्या एकाच बाईपुढे काय बोलावे हे पाळकसाहेबांना सुचेना. तयार मुद्दे सगळे लांबलचक होते. शेवटी त्यांनी हरवलेल्या मेंढराची गोष्ट सुरू केली. नव्व्याण्णव मेंढरे मागे ठेवून मेंढपाळ एकाला शोधायला गेला, इथपर्यंत ते आले आणि त्यांच्या लक्षात आले की मावशींची मान हलते आहे. आणि मोबाइल आपण खिशातून काढलेलाच नाही.

टक.

मावशींनी चष्मा डबीत ठेवला होता. पाळकसाहेब वाक्याच्या मध्येच थांबले.

"आज थांबलात," मावशी म्हणाल्या.

"तुम्ही डबी वाजवलीत."

"मी दर रविवारी वाजवते. दोनदा वाजवते, तीनदा वाजवते. गेल्या खेपेला तर टेबलावर आपटली, बघा, पोचा आलाय. तुम्ही आपले चालूच." त्यांनी डबी पुढे केली. "मी म्हटलं, साहेब आता मोठे झाले, मोबाइलवर दिसायला लागले. शिवणवाल्या म्हातारीच्या डबीचं काय एवढं. येत्या रविवारपासून बंदच करणार होते मी. बसून राहायचं आणि कोणाला ऐकूच जायचं नाही, त्यापेक्षा अभ्रे तरी होतील."

पाळकसाहेबांनी डबी हातात घेऊन पोचा पाहिला. गोंगाट गाळण्याच्या सोयीविषयी त्यांनी मावशींना समजावून सांगितले. मावशींनी सारे ऐकून घेतले.

"म्हणजे यंत्राला माझी डबी म्हणजे गोंगाट वाटला," त्या म्हणाल्या, "आणि तुमचा तेवढा लांब उपदेश नाही वाटला. बरं यंत्र आहे."

पाळकसाहेब हसले, इतके की त्यांना पाणी द्यावे लागले. मग त्यांनी विचारले, "रविवारी चर्चपर्यंत चालवेल का तुम्हाला?"

"न चालायला काय झालं? तुम्हीच नका म्हणालात म्हणून नव्हते येत."

त्यानंतर पाळकसाहेबांनी जे ठरवले ते कोणत्याही बैठकीपुढे ठेवले नाही. रविवारी ते नेहमीच्या वेळी उठले, झगा घेऊन अंगणातून चर्चमध्ये गेले आणि मोबाइलवर आपला गेल्या महिन्यातला सर्वांत लांब उपदेश लावून तो वेदीमागच्या कपाटात ठेवून दिला. मग त्यांनी हिरवे कापड सोडले. पाळकीणबाईंनी त्याच कापडाने पहिला बाक पुसला. मावशी आल्या, नव्या छताकडे एकदा संशयाने पाहून आपल्या जागी बसल्या. पाळकसाहेबांनी बाहेर जाऊन घंटेची दोरी ओढली. बऱ्याच दिवसांनी ओढल्यामुळे पहिला टोल जरा खरखरीत आला, पुढचे स्वच्छ आले.

उपदेश छोटा झाला. डबी वाजली तेव्हा पाळकसाहेबांचे वाक्य जेमतेम संपत आले होते. आमेन तिघांनी म्हटले, आणि तीनही वेळेवर पोचली.

उपसमितीच्या अहवालानुसार त्या रविवारची उपासना आजवरची सर्वांत सुरळीत ठरली. उपस्थिती शंभर टक्के होती. पाळकसाहेबही त्यात धरलेले आहेत. मावशींची काळी चौकट काढून टाकल्यामुळे पडदा एकसारखा दिसला. एकच किरकोळ व्यत्यय नोंदवला गेला. उपासना चालू असताना बाहेरून कुठूनतरी घंटेचा आवाज येत होता, आणि बऱ्याच घरांत उठून खिडक्या लावून घ्याव्या लागल्या.

पाळकसाहेबांनी त्यावर कोणाला काही विचारले नाही. चर्चचे दार ते आता रविवारी उघडेच ठेवतात. आपण मंडळीतल्यांनी त्या दिवशी खिडकी लावली होती की नाही, हे ज्याचे त्याला ठाऊक. नोंदीत आपल्या सगळ्यांचीच मान हलताना दिसते आहे.